हौदाच्या तोंडाशी चपला

१

लोकांची नावं सरकारी कागदावर सरळ लावून द्यायची, हा फरीदाचा धंदा. अंबाजोगाईत मंडी बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, भिंतीवर पीक विम्याच्या शेवटच्या तारखेचा कागद, आणि सकाळपासून दारात माणसं. कुणाच्या आधारवर बापाचंच नाव नाही, कुणाची म्हातारी कागदावर मेलेली आणि प्रत्यक्षात दारात उभी राहून पान खातेय. फरीदा सगळ्यांचं करून देते. नवरा गेल्यावर माहेरी परतली तेव्हापासून हेच करते, आणि साहेब लोकांशी भांडायला तिने कधी मागेपुढे पाहिलेलं नाही.

आणि तिच्याच घरातलं एक नाव पन्नास वर्षं वाकडं पडून होतं.

शरफुद्दीन. तिचे अब्बा मैनुद्दीन, त्यांचे थोरले भाऊ. म्हणजे तिचे बडे अब्बा. तिने त्यांना पाहिलेलं नाही, तिच्या जन्माआधीची गोष्ट. ज्या घरात कुणी समुद्र पाहिला नव्हता त्या घरातला हा पोरगा मुंबईला मामाकडे गेला, गोदीत कामाला लागला आणि तिथून मालवाहू जहाजावर खलाशी झाला. दोनदा सुट्टीवर आला. तिसऱ्या वेळी नुसती ट्रंक आली, आणि ट्रंकेबरोबर कंपनीचा निरोप, की तुमचा माणूस रॉटरडॅमच्या बंदरात जहाज सोडून पळाला.

झालं. लोकांना तेवढंच पाहिजे होतं. गोरी बाई ठेवलीय म्हणे, तिकडं बंगला बांधलाय म्हणे, आईबापाला विसरला म्हणे. मैनुद्दीनची ठरलेली सोयरीक मोडली. पळपुट्याच्या घरात पोरगी देत न्हाई, असं तोंडावर सांगून गेले. आजी मात्र मरेपर्यंत म्हणत राहिली की पोरगा येईल. मरताना तिने मैनुद्दीनकडून कबूल करून घेतलं: शरफूची फातेहा द्यायची न्हाई, पक्कं कळल्याबिगर दिलीस तर माझं दूध तुला माफ न्हाई.

ते दूध मैनुद्दीनच्या गळ्याशी अडकून बसलं होतं. शबे-बारातच्या आदल्या दिवसाला अरफा म्हणतात. त्या दिवशी दुपारी घरातल्या सगळ्या मयतांच्या नावानं फातेहा होते. हलवा-रोटी समोर ठेवून एकेक नाव घेतात आणि नव्या मयताचं नाव जुन्यांत मिळवतात. दरवर्षी अब्बा सगळी नावं घेत आणि एका जागी थांबत. त्या थांबण्याची घरातल्यांना सवय झाली होती. यंदा मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी त्यांचं हृदय पार थकलंय म्हणून सांगितलं, तेव्हा घरी येऊन ते फरीदाला म्हणाले, "लोकांचे समदे कागद करतीस. माझ्या भाईचा एक कागद कर. या अरफ्याला त्याचं नाव घ्यायचंय मला. पुढचा अरफा काय माझ्या नशिबात दिसत न्हाई."

म्हणून फरीदाने मुंबईत खलाशांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी दफ्तराला अर्ज केला होता. त्याचं उत्तर आज टपालाने आलं. सदर खलाशी रॉटरडॅम बंदरात जहाज सोडून फरार झाल्याची नोंद आहे, सबब मृत्यूबाबत कोणताही दाखला देता येत नाही. खाली सही, सही कुणाची ते वाचता येत नाही.

फरीदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रांगेतल्या माणसांना तिने सांगितलं, आज दुकान बंद, सर्व्हर डाऊन आहे. सर्व्हर चांगला चालू होता.

२

तिच्या घराण्याचा धंदा तीन पिढ्यांचा: विहिरी, हौद, टाक्या साफ करायच्या, मोटारी उतरवायच्या, चढवायच्या. आता तो धाकटा भाऊ जाकीर करतो. या धंद्यात आजोबांनी घालून दिलेला एक नेम होता आणि तो घरात नमाजाइतका पाळला जायचा. खाली उतरणाऱ्याने आपल्या चपला तोंडाशी काढून ठेवायच्या, टोकं आतल्या बाजूला. झाकण लावणाऱ्याने आधी चपला बघायच्या. चपला आहेत म्हणजे माणूस आत आहे. नाहीत म्हणजे तो वर येऊन, घालून गेला. तरी तोंडाशी बसून तीनदा नाव घेऊन हाक मारायची. आतला असेल तर पाइपावर ठोका देतो. आणि दुसऱ्याच्या चपला हलवायच्या नाहीत, पायाने सुद्धा. लहानपणी जाकीरने खेळताना एकदा हलवल्या होत्या, तेव्हा आजोबांनी त्याला अंगणातच धरून बडवला होता.

घरातला हौद अंगणाच्या खाली आहे, वर पत्र्याचं जड झाकण. पाणी आठवड्याने येतं, कधी त्याहून उशिरा, म्हणून प्रत्येक घराला असा हौद असतोच. अरफा जवळ आला म्हणून जाकीर त्याच दुपारी हौद धुवायला उतरला. गाळ काढला, चुना मारला, वर आला, आपल्या सँडल पायात घातल्या आणि चहाला बसला. फरीदा झाकण ओढायला गेली. सवयीने तोंडाशी नजर टाकली, तर तिथं एक जोडी होतीच.

जुन्या रबरी चपला. पट्टे निळे, टाच झिजून पातळ झालेली. टोकं आतल्या बाजूला.

"जाकीर, ह्या कुणाच्या?"

"मी काय जाणू. भामाबाईच्या असतील."

शेजारची भामाबाई टाच मोडलेले बूट घालते, मुलाचे. फरीदाने वाकून पाहिलं. चपला ओल्या होत्या. ओल्या असणारच, हौद धुतलाय, पाणी उडालं असणार. तिने स्वतःला असं समजावलं खरं, पण ओठांवर आलेला प्रश्न तसाच राहिला. जाकीरच्या सँडल आत्तापर्यंत तिथंच बाजूला होत्या आणि त्या कोरड्या होत्या.

"आत कुणी न्हाई ना?"

"आपा, मीच आलो की आतून आत्ता." जाकीर हसला आणि त्याने चपला उचलून मोरीच्या कोपऱ्यात भिरकावल्या. फरीदाला ते आवडलं नाही. नेम तो नेम. पण ती बोलली नाही, कारण आपण पंचेचाळिशीच्या बाईने असल्या गोष्टीचं काय घेऊन बसायचं, असं तिला वाटलं.

सकाळी चपला हौदाच्या तोंडाशी होत्या. टोकं आत. उन्हात कडेचं पाणी वाळून पांढरी रेघ उमटली होती. बोअरच्या पाण्यानेही असं पांढरं धरतं, इथं कुणाच्याही बादलीला बघा. फरीदाने बोट लावलं, आणि का कोण जाणे, जिभेला लावलं. खारट लागलं. तिने तोंड धुतलं, दोनदा धुतलं, आणि मुंबईच्या गाडीचं तिकीट काढलं.

३

दफ्तरातले सुंदरराव बोलायला भले निघाले. अंबाजोगाईचं नाव ऐकून म्हणाले, "मी गेवराईचा. बसा ताई, चहा घ्या." फरीदाला बरं वाटलं. आपल्याकडचा माणूस आहे, काम होईल.

त्यांनी जहाजाची जुनी वही काढून आणली. कंपनी कधीच बुडालेली, कागद तेवढे उरलेले. सुंदररावांनी चष्मा लावून पान काढलं आणि इंग्रजी वाचून मराठीत सांगू लागले. तारीख फेब्रुवारीतली. संध्याकाळी जहाज सुटायच्या आधी हजेरी झाली. एक खलाशी हजर नाही. नाव शरफुद्दीन. बंदरावर उतरून परत आला नाही, सबब फरार. सामान मोजून ट्रंकेत भरलं: दोन शर्ट, एक जाकीट, बूट एक जोड, कुराणशरीफ, पगाराची वही, आरसा.

"शोधलं का कुणी?" फरीदाने विचारलं.

"जहाज सुटायचं व्हतं, ताई."

"म्हंजे न्हाई शोधलं."

"पळालेल्याला कोण शोधतं?"

"पळाले हे कुणी बघितलं? पगाराची वही टाकून कोण पळतं? कुराण टाकून कोण पळतं? फेब्रुवारीत रॉटरडॅमला, जाकीट ट्रंकेत ठेवून, बूट ट्रंकेत ठेवून?"

सुंदररावांनी पानावर बोट फिरवलं. "बूट हायेत, पण चपला न्हाईत बघा सामानात. चपला घालून गेला असंल."

 हे वाक्य फरीदाने आधीच ऐकलेलं होतं. ट्रंक घरी आली तेव्हा आजोबांनी ती उघडून हेच म्हटलं होतं, अब्बांनी तिला कितीदा सांगितलं होतं. घरच्या नेमाने त्यांनी हिशेब लावला: चपला नाहीत म्हणजे माणूस वर येऊन, घालून गेला. आणि त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं. पुढे कुणी त्यांच्यासमोर शरफूचं नाव काढलं की ते उठून जात.

पण आजोबा बाप होते, मनातून मोडलेले होते. हा माणूस पंख्याखाली बसून चहा पीत तेच म्हणत होता.

"हे दुरुस्त करून द्या," ती म्हणाली. "फरार खोडा. बेपत्ता लिहा. तेवढं तरी लिहा."

"नोंद बदलत न्हाई ताई. पुरावा लागतो."

"पळाल्याचा पुरावा काय घेतलता?"

पन्नास वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. सुंदररावांनी वही मिटली. ती ठेवायला उठले. मागची सगळी भिंत लोखंडी कपाटांची होती. त्यांनी जे कपाट उघडलं ते खालपासून वरपर्यंत भरलेलं होतं.

"हे समदे?"

"समदे पळालेलेच," सुंदरराव म्हणाले. "त्या काळी लई पळायचे."

फरीदा जिना उतरली.  एवढा मोठा खोटेपणा इतक्या नीट रचून ठेवलेला तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

४

ती घरी आली तेव्हा अब्बा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. जाकीर त्यांच्या बाजूला उकिडवा. दोघं हौदाकडे बघत होते.

"आपा, मी त्या चपला नाल्यात टाकून आलतो," जाकीर म्हणाला. "पार पुलापलीकडं जाऊन." त्याने मानेने हौदाकडे खूण केली. चपला तोंडाशी होत्या.

"कावून टाकल्या?" अब्बा त्याला म्हणाले, आवाज न चढवता. "नेम माहीत न्हाई तुला?"

फरीदाने अब्बांना सगळं सांगितलं. सामान सांगितलं, चपलांचं सांगितलं. अब्बा ऐकत होते. मग म्हणाले, "त्या चपला दे मला."

"अब्बा, हलवायच्या न्हाईत."

"मग मला तिथं ने."

त्यांना दोघांनी धरून हौदाशी बसवलं. अब्बांनी हात लावला नाही, नुसते वाकले. डाव्या चपलेचा अंगठ्याचा पट्टा खालून तांब्याच्या तारेने बांधलेला होता. मोटारीच्या वाइंडिंगची तार, पीळ देऊन आत दाबलेली, टोचू नये म्हणून.

"हे म्या बांधलंय," अब्बा म्हणाले. "शेवटच्या सुट्टीत. म्हणलं, भाई, नव्या घे. म्हणाला, तिकडं टाकीत उतरायला ह्याच बऱ्या. दर्यावर जाऊन बी टाकीच नशिबी आली बघ मैनू, जहाजाच्या पोटात समुद्राचं पाणी भरायच्या लई टाक्या असत्यात, समदे मलाच उतरवत्यात, आपला घरचा धंदा म्हणून." त्यांनी हौदाच्या तोंडाकडे बोट दाखवलं. "तो चपला तोंडाशीच काढून ठेवणार. जहाज असो का आणि कुठं असो. त्याला वाटलं, चपला बघतील. चपला बघून झाकण लावणार न्हाईत, असं वाटलं त्याला."

अब्बा त्या तारेकडे बघत पुढे म्हणाले,

"तिथल्या लोकांना नेम काय माहीत. कुणाच्या पायात आल्या असतील, उचलून फेकल्या."

तेवढ्यात हौदातून आवाज आला. ठण. मग थांबून पुन्हा, ठण.

जाकीर उठून उभा राहिला. पाइपात हवा धरली असेल, असं तो म्हणाला. त्याचं त्यालाच पटलं नसावं, कारण पाइप त्यानेच बसवला होता आणि तो प्लास्टिकचा होता. हौद सिमेंटचा. लोखंडावर लोखंड आपटावं असं तिथं काहीच नव्हतं. झाकण पत्र्याचं, ते बाजूला काढून भिंतीला टेकवलेलं.

ठण.

फरीदाला भीती वाटली, खोटं कशाला सांगा.  पण भीतीपेक्षा मोठं दुसरंच काही तिच्या छातीत भरून आलं. पन्नास वर्षं हा माणूस ठोके देतोय, आणि पन्नास वर्षं आमच्या गल्लीत त्याच्या गोऱ्या बाईच्या गप्पा चालल्यात.

५

अरफ्याच्या दिवशी नेमकी पाण्याची पाळी आली. झाकण त्यांनी लावलं नव्हतं, कोण लावणार? दुपारी ऊन बरोबर डोक्यावर होतं आणि हौदाच्या तोंडातून सरळ आत पडत होतं. हलवा झाला होता, रोट्या झाल्या होत्या, अगरबत्ती लावून ताट अंगणातच मांडलं होतं. अब्बा म्हणाले, "आधी हाक मारायची. आमी कुणीच मारली न्हाई."

ते खुर्चीवरून उतरून खाली बसले, जमिनीला हात टेकून तोंडाशी झुकले. जाकीरने त्यांना मागून धरलं.

"शरफूभाई," अब्बांनी हाक मारली.  "शरफूभाई," पुन्हा. मग, लहान भाऊ ज्या नावाने कधीच हाक मारत नाही त्या पूर्ण नावाने, "शरफुद्दीन."

ठण.

आणि त्याच वेळी नळाला पाणी आलं. पाइपातून आधी हवा सुटली, मग धार हौदात कोसळायला लागली. आतला ठोका एकदम घाईत आला. एकावर एक, एकावर एक, श्वास न घेता, सगळं अंगण त्या आवाजाने भरून गेलं, आणि अब्बा आत हात घालून ओरडायला लागले, "बंद करा ते पाणी, बंद करा."

फरीदा कोपऱ्यातल्या नळाच्या कॉककडे धावली. कॉक घट्ट झाला होता, तिच्या हाताला रग लागली, मग तो वळला. धार बारीक झाली, थांबली. ठोके लगेच थांबले नाहीत. हळूहळू, एकेक करत दुरावले.

ती परत येऊन अब्बांच्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि तिने आत पाहिलं.

खाली माणसाच्या उंचीवर जाकीरने चार-पाच दिवसांपूर्वी चुना मारलेला तळ दिसायला हवा होता. ऊन तिथं थांबत नव्हतं. ते तांबड्या रंगाच्या लोखंडी भिंतीवरून खाली जात होतं, फुगलेल्या खिळ्यांवरून, शिडीच्या दांड्यांवरून, एका दांड्यावरून दुसऱ्यावर, अंबाजोगाईत कुणाच्या विहिरीला नसेल इतकं खोल. खाली काळं पाणी होतं. पाण्याच्या वर राहिलेल्या शेवटच्या दांड्यावर चार बोटं होती. दिवसभर धुणं धुतल्यावर होतात तशी पांढरी, सुरकुतलेली. ती धरून होती.

फरीदाची पापणी लवली. खाली चुन्याचा तळ होता आणि त्यावर टाचभर पाणी हलत होतं.

"दिसलं तुला?" अब्बांनी विचारलं. तिने मान डोलावली. त्यांनाही काही दिसलं होतं का, हे तिने विचारलं नाही, आजपर्यंत नाही.

अब्बांनी तिथंच बसून हात उचलले. सगळी नावं घेतली. आजोबांचं, आजीचं, फरीदाच्या अम्मीचं, फरीदाच्या नवऱ्याचं. दरवर्षी थांबायचे त्या जागी आले, आणि या वेळी थांबले नाहीत. "शरफुद्दीन, माझा भाई," ते म्हणाले. "पळाला न्हाई. कामावर व्हता." मग ते लहान पोरासारखे रडले. जाकीरही रडला. फरीदा रडली नाही. तिच्या दाढा इतक्या आवळलेल्या होत्या की संध्याकाळपर्यंत जबडा दुखत होता.

उठताना तिने पाहिलं तर चपला तिथं नव्हत्या. हौदाच्या तोंडापासून शहाबादी फरशीवरून ओली पावलं दरवाज्यापर्यंत गेली होती, चपलांची पावलं, एका माणसाची. उंबऱ्याबाहेर ऊन होतं, तिथं ती वाळली.

६

त्यानंतर अब्बा सुधारले म्हणता येणार नाही, पण त्यांना झोप लागू लागली. रमजानात बसल्या बसल्या नमाज पढले. ईदला गल्लीत येणाऱ्या जाणाऱ्याला थांबवून सांगत, माझा भाई कामावर गेला, माझा भाई पळाला न्हवता. लोक हो म्हणत. काहीजण मागे वळून हसत, ते फरीदाने पाहून ठेवलं.

तिने दफ्तराला दुसरा अर्ज केला. नोंद दुरुस्त करावी म्हणून. उत्तर आलं, पूर्वीची नोंद कायम ठेवण्यात येत आहे. तिने ते दुकानाच्या भिंतीवर, पीक विम्याच्या कागदाच्या बाजूला चिकटवलं. येईल त्याला वाचून दाखवायची. बघा, म्हणायची, माणूस बुडवायचा, वर त्याच्या नावावर बट्टा लावायचा, आणि तो पुसायला सांगितलं की पुरावा मागायचा. लोक आपला दाखला घेऊन निमूट जायचे.

हौदावर झाकण आलं. पाणी भरलं, उपसलं, घरात वापरलं. सुरुवातीला फरीदा रोज सकाळी उठून आधी तोंडाशी बघायची. मग बघायची विसरायला लागली.

ईदनंतरच्या एका सकाळी ती पाणी काढायला अंगणात आली आणि दारातच थांबली. झाकणाभोवती चपला होत्या. जुम्म्याला मशिदीच्या पायरीवर असतात तशा, दाटीवाटीने. रबरी, चामडी, एक कॅनव्हासचा बूट नाडीने बांधून ठेवलेला, एक अगदी लहान पायाची, ज्याला अजून मिसरूड फुटलं नसेल अशाची. सगळ्या ओल्या. सगळ्यांची टोकं आत.

शरफुद्दीनने त्यांना नेम सांगितला असावा. नाहीतर त्यांना कुठून कळणार, की हे घर चपला बघतं.

तिला ते कपाट आठवलं. खालपासून वरपर्यंत. समदे पळालेलेच.

"जाकीर," तिने हाक मारली. "आधी कॉक बंद कर. आज पाळी हाय." मग तिने दोन्ही हातांनी झाकण ओढून बाजूला केलं, चपलांना धक्का न लावता, आणि तोंडाशी बसली. आत अंधार होता. तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की हाक मारायला तिच्याकडे एकही नाव नाही. नावं सगळी मुंबईला, कपाटात, फरार म्हणून लावून ठेवलेली.

"नाव सांगा," ती आत म्हणाली. "तुमी कोण हायेत, नावं सांगा मला. मी भांडते. मी घेते नावं, समद्यांची घेते."

ठण, आलं खालून. ठण. मग दुसरीकडून. मग सगळीकडून, पण नुसतेच ठोके. ठोक्यांत नावं नव्हती. जाकीर कॉक आवळून धरून उभा होता.

"तू मुंबईला जा," फरीदा त्याला म्हणाली. "आजच. त्या सुंदररावाच्या टेबलावर बस, उठू नको. नावं पाहिजेत मला, प्रत्येक नाव."

तेवढ्यात भामाबाई मधल्या भिंतीवरून डोकावली. डोक्यावरचा पदर सावरत, हातात केरसुणी.

"फरीदाबी, तुमच्याकडं पावणे आलेत का लई? आमच्या टाकीपाशी बी चपला काढून ठिवल्यात कुणी कुणी."

फरीदा उठून उभी राहिली. "कुठं हायेत त्या?"

"म्या घेतल्या की भरून एका घमेल्यात, ठिवल्या पलीकडं. येता जाता पायात येत व्हत्या. टाकीला झाकण लावून घेतलं, त्याच्यावर दगड ठिवला. कवाधरनं पाणी सुटलंय न्हवं." भामाबाईने मागे वळून आपल्या अंगणाकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ती मोटार बी कशी ठणठण करायलीय कवाची. जाकीरला जरा पाठव बाई, बघून देईल."